गोणी न खाणारी जमीन

दिनांक ११ जून २००७, सोमवार. मौजे पेमा तांडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली येथील खातेदार श्रीमती भिकाबाई लालसिंग राठोड यांच्या तक्रार अर्जावर त्या दिवशी पुढील शेरा लिहिण्यात आला : "नमुन्याची तपासणी केली. सामू योग्य, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब अत्यंत भरपूर. जमीन उत्तम प्रतीची आहे. तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. अर्ज निकाली." खाली सही, सहीवर शिक्का. या शेऱ्यातला एकही आकडा खोटा नव्हता. आणि ज्या पट्टीला तो 'उत्तम' म्हणत होता, त्या दोन एकरांत मागच्या दोन्ही हंगामांत टोपलीभर कणसेही निघाली नव्हती. शेरा मारणाऱ्या कार्यालयाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. नाव दिले की चौकशी नावाची होते, काम तसेच राहते.

भिकाबाईला अक्षर येत नव्हते. तिच्या मुलाने, योगेशने, तो कागद ओट्यावर बसून वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला आणि मग विचारले, उत्तम म्हणजे चांगलीच ना? योगेश हो म्हणाला. तेव्हा ती शांतपणे बोलली, "मग त्या साहेबाला म्हणावं, एक डाव येऊन पेरून दाखव."

यात चेष्टा नव्हती. जमीन पारखण्याच्या बाबतीत कोणाचेही बोलणे पारखून घेण्याचा अधिकार तिने कमावलेला होता, आणि तो कसा कमावला ते आधी सांगितले पाहिजे.

तांड्यातील लोकांचे पूर्वज लदेणी करीत. बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून मुलुखभर फिरत. पावसाळ्याचे चार महिने मुक्काम करावा लागे, आणि मुक्कामाची जागा निवडताना जुनी माणसे एक चाचणी घेत. गोणीचा वीतभर तुकडा जमिनीत पुरायचा आणि काही दिवसांनी उकरून पाहायचा. तुकडा कुजला तर ती जमीन गोणी खाणारी. तिथे माल उतरवायचा नाही. तुकडा धड निघाला तर ती जमीन गोणी राखणारी. तिथे डेरा टाकायचा. पुढे बैल गेले, लदेणी गेली, तांडा एका जागी बसून शेती करू लागला. चाचणी मात्र राहिली. ती राखली बायकांनी, आणि तिचा अर्थ उलटा करून राखली. जी जमीन गोणी खाते ती शेणखतही खाते, काडीकचराही खाते आणि त्याचे दाणे करून परत देते, हे त्यांनी पाहिले होते. भिकाबाईच्या सासूने सुनेला दागिन्यांत फारसे काही दिले नाही. ही पारख मात्र हातात हात धरून शिकवली.

लालसिंग १९९३ साली काविळीने गेला. तीन ठिकाणी विखुरलेली पाच एकर जमीन आणि दोन लेकरे घेऊन भिकाबाई मागे राहिली. खत थोडे आणि पट्ट्या तीन, तेव्हा कोणत्या पट्टीला किती द्यायचे, हा प्रश्न तिने दरवर्षी गोणीच्या तुकड्यांना विचारला. पोळ्याच्या दिवशी तुकडे पुरायचे, दसऱ्याला काढायचे. मध्ये चाळीस दिवस. कोणता तुकडा कुठला हे कळावे म्हणून ती प्रत्येकाला बारीक तारेत ओवलेल्या कवड्या बांधी. नाल्याकाठच्या पट्टीला एक कवडी, माळावरच्या पट्टीला दोन, रस्त्याकडच्या पट्टीला तीन. माती सशक्त असेल तर दसऱ्याला हाती फक्त कवड्याच लागत. उरलेसुरले तुकडे ती धुऊन, वाळवून, पत्र्याच्या डब्यात वर्षावर्षाने बांधून ठेवी. अक्षर न येणाऱ्या बाईचे ते दप्तर होते, आणि तालुक्यातल्या कोणत्याही दप्तरापेक्षा ते नीट लावलेले होते. १९९८च्या सुमारास तांड्यातील अकरा घरे भिकाबाईच्या कवड्या पाहून खत टाकू लागली होती. जिल्हा झाला, कार्यालये आली, पाट्या लागल्या. ती अकरा घरे दसऱ्याला तिच्याच ओट्यावर येत राहिली.

अशा बाईच्या हातून चूक झाली, आणि ती चूक तिने कधी कोणाच्या माथी मारली नाही.

२००४च्या फेब्रुवारीत रेल्वेचा अरुंद मार्ग रुंद करण्याचे काम सुरू झाले होते. रुळांखालून निघालेले जुने लाकडी सिलीपाट कळमनुरीच्या एका लाकूडवाल्याने लिलावात उचलले. त्याला ते ठेवायला जागा हवी होती, आणि भिकाबाईची रस्त्याकडची पट्टी मालमोटारीला सोयीची होती. अक्षय तृतीयेपर्यंत उचलतो, असा शब्द त्याने दिला. भिकाबाईने तांड्याच्या नाईकाला, ऐंशी ओलांडलेल्या पेमा नाईकाला, सल्ला विचारला. पहिली खेप उतरली तेव्हा पेमा काठी टेकत स्वतः पट्टीत गेला. त्याने एकेक सिलीपाट उलटून पाहिला. चाळीस वर्षे मातीत राहिलेल्या त्या लाकडाला कुठेही उधई, म्हणजे वाळवी, लागलेली नव्हती. त्याने ज्वारीची एक गोणी मुद्दाम त्या लाकडांच्या मध्ये पंधरा दिवस ठेवली. तिलाही उधई शिवली नाही. नाईक खूश झाला. अशा जागी आपल्या आज्याने डोळे झाकून डेरा टाकला असता, असे तो चारचौघांत म्हणाला, आणि भिकाबाईचीही मान ताठ झाली. आपल्या डब्यातले दहा वर्षांचे तुकडे काय सांगत होते, हे त्या दिवशी तिला आठवले नाही. त्या दिवशी ती लदेणीवाल्याची नात म्हणून ऐकत होती. शेतकरी म्हणून ऐकले असते तर तिथेच नाही म्हणाली असती.

अक्षय तृतीया आली आणि गेली. सिलीपाट दोन पावसाळे तिथेच राहिले. लाकूडवाल्याने पट्टीतच करवत लावली आणि लाकूड चिरून विकायला सुरुवात केली. वैशाखाच्या उन्हात ती लाकडे घाम यावा तशी काळे तेल सोडत. त्या तेलाला क्रिओसोट म्हणतात. डांबरापासून निघते आणि लाकूड कुजू नये, त्याला कीड लागू नये म्हणून त्यात मुरवतात. काळा भुसा पट्टीभर पसरला, आणि पावसाने तेल खाली उतरवले. वाऱ्याच्या दिशेला तांड्यातल्या बायका नाकाला पदर लावून चालत. २००६च्या जानेवारीत शेवटची मालमोटार गेली.

त्या वर्षी भिकाबाईने पट्टीत ज्वारी आणि तूर पेरली. उगवण विरळ झाली; जे उगवले ते पिवळे पडले. युरिया टाकला, तरी पिवळेच. दसऱ्याला तिने तीन कवड्यांचा तुकडा उकरला, तर तो जसा पुरला होता तसाच बाहेर आला. वीण शाबूत, कडा शाबूत, फक्त रंग काळपट. ओट्यावर पेमा नाईक बसलेला होता. तुकडा पाहून तो हसला.

"बघ, राखली का न्हाई गोणी?"

"काका," भिकाबाई म्हणाली, "तुमच्या आज्याला मुक्काम करायचा व्हता. मला पेरायचं हाय."

नाईकाने तो तुकडा हातात घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.  मरेपर्यंत तो भेटेल त्याला सांगत राहिला की भिकाबाईला तो कौल आपण दिला होता.

रब्बीही गेली. तेव्हा तिने योगेशकडून अर्ज लिहवला. अर्जात भरपाईचा शब्द नव्हता. लाकडाच्या तेलाने जमीन मेली आहे, एवढे सरकारी कागदावर लिहून द्यावे, ही एकच मागणी होती. नमुना गेला, तपासणी झाली, आणि 'उत्तम' आले. ते कसे आले हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. माती तपासणीत कर्ब, म्हणजे शेणापाल्यातून मातीत येणारा कार्बन, मोजतात तो आम्लाने जाळून मोजतात. आम्लाला शेण कोणते आणि डांबर कोणते, हे कळत नाही. तेलातला कर्ब मातीच्या खात्यावर जमा झाला, आणि तिच्या अंगावर जितके विष, तितके तिला गुण मिळाले.

शेरा घेऊन ती गप्प बसली असती, तर ही हकिकत इथेच संपली असती. पण श्रावणात तिच्या बांधाला बांध असलेला ग्यानोबा एक कागद घेऊन आला. ग्यानोबा शेजारच्या गावचा, तीन एकरांचा धनी, सरळ माणूस. लाकूडवाल्याला आता दुसऱ्या टप्प्याचे सिलीपाट ठेवायला त्याची जमीन हवी होती, आणि त्याने ग्यानोबाला कार्यालयातून मिळवलेली भिकाबाईच्याच शेऱ्याची झेरॉक्स दिली होती. आपली लाकडे जिथे राहिली तिथला कर्ब बघा, सरकारनेच उत्तम म्हटले आहे, असे तो गावोगाव सांगत होता. ग्यानोबाने दसऱ्याला उत्तर देतो असे सांगून ठेवले होते.

भिकाबाई त्या रात्री जेवली नाही. आपले नाव असलेला कागद दुसऱ्याची जमीन मारायला निघाला आहे, हे तिला सहन होणारे नव्हते. आठवड्याने ती पत्र्याचा डबा काखेत घेऊन कार्यालयात गेली. साहेबांच्या टेबलावर तिने एका बाजूला तारेतली एक कवडी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला तीन कवड्यांसकट अखंड तुकडा.

"हे काय मावशी, देवीचं काही आहे का?"

"देवीचं न्हाई साहेब, मातीचं हाय."

तिने सगळे समजावून सांगितले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतले. मग तो म्हणाला की तुमच्या जमिनीत इतका कर्ब आहे की लोकांना हेवा वाटावा.

"व्हय. त्या कर्बाला वास येतो, साहेब. तुमी त्यो हुंगला न्हाई."

बाहेरच्या बाकावर एक मुलगी फायलीतले आकडे उतरवत बसली होती. पुनम तिचे नाव, डोंगरकड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकत होती आणि प्रबंधासाठी तालुक्यातल्या मातीची माहिती घ्यायला आली होती. तिने दारातून सगळे ऐकले होते. भिकाबाई बाहेर आल्यावर तिने डबा पाहायला मागितला, आणि अर्धा तास ती तुकडे उलटून पाहत राहिली. मग तिने स्पष्टच सांगितले की मावशी, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. एखादा तुकडा ओलाव्याने कुजतो, एखादा कोरड्याने राहतो. भिकाबाईला राग आला नाही. विश्वास बसत नसेल तर पारखून घे, म्हणाली.

करार ठरला तो असा. पोळ्याच्या दिवशी पाच जागी तुकडे पुरायचे, आणि त्याच पाच जागांची माती पुनमने न्यायची. कोणती माती कुठली हे भिकाबाईने पुनमला सांगायचे नाही. पिशव्यांना फक्त गाठी मारायच्या. पुनमला काय दिसले हे तिने दसऱ्यापर्यंत भिकाबाईला सांगायचे नाही. तीन जागा भिकाबाईच्या होत्या. दोन ग्यानोबाच्या, एक तिच्या बांधालगतची आणि एक पलीकडच्या टोकाची. त्या मागायला ती गेली तेव्हा ग्यानोबा विळा घासत बसला होता.

"भिकाबाई, माझ्या वावरात कवड्या पुरून राहिली. गावात म्हणतील, करणी करून राहिली."

"म्हणू द्या, ग्यानोबाभाऊ. दसऱ्याला उतरवून बी देते."

ग्यानोबा हसला आणि त्याने जागा दाखवल्या. नाही म्हणायला त्याला काही कारणही नव्हते. दसऱ्याला लाकूडवाला त्याच्याकडे यायचाच होता.

दसऱ्याच्या सकाळी पुनम डोंगरकड्याहून जीपने आली. हातात काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेच्या पाच नळ्या होत्या. तांड्यातली बरीच माणसे जमली, ग्यानोबा आला, आणि त्याच्या मागे गावातली चार रिकामी तोंडेही आली. आधी भिकाबाईने खुरपे घेतले. नाल्याकाठी फक्त एक कवडी निघाली. माळावर दोन कवड्या आणि चिमूटभर धागे. ग्यानोबाच्या पलीकडच्या टोकाला चार कवड्या आणि बोटभर चिंधी. बांधालगत पाच कवड्या, आणि त्यांना अर्धा तुकडा धरून राहिलेला. शेवटी रस्त्याकडची पट्टी. तिथला तुकडा भिकाबाईने झटकला. त्यात अजून दाणे बांधता आले असते.

मग पुनमने गर्द रंगापासून फिक्यापर्यंत अशा ओळीने नळ्या मांडल्या आणि कागद सोडला. पहिली नळी गर्द लाल होती. दुसरी लाल, तिसरी त्याहून जरा फिकी. चौथी गुलाबी. पाचवी, नुसते पाणी भरावे तशी बिनरंगी. कोणती नळी कोणत्या जागेची हे नळ्यांना बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी मोजून भिकाबाईने सांगितले, आणि तिचे तुकडे कुजण्याचा क्रम आणि नळ्यांचा क्रम एकच निघाला.  पुनम वाकून भिकाबाईच्या पाया पडली. आपल्या मार्गदर्शकांसमोर उभे राहून प्रबंध वाचताना तिला जेवढा अभिमान पुढे वाटला, त्याहून जास्त त्या दिवशी वाटला होता, असे तिने नंतर सांगितले. पण तो अभिमान तिच्याइतकाच तिथे जमलेल्या प्रत्येकाचा होता.

लोकांनी विचारले तेव्हा तिने समजावले. मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात. शेण, पाला, गोणी पचवायला ते जी रसायने वापरतात त्यांना विकर म्हणतात. आपल्या पोटातल्या पाचक रसासारखी. एक विकर युरियाचे पिकाला घेता येईल असे खत करते. एक सुतळीचे धागे मोडते. एक त्या जीवांच्या श्वासाबरोबर चालते. ते किती चालते हे पाहण्यासाठी मातीत एक रंग नसलेला क्षार घालतात. माती जिवंत असेल तर त्याला लाल करते. लाकडाच्या तेलाने ते जीव मेले किंवा लुळे पडले की विकर थांबतात. मग माती भरल्या ताटावर बसूनही उपाशी राहते. कर्ब मोजला तर ताट भरलेले दिसते. जेवणारा मेला आहे हे दिसत नाही.

ग्यानोबाने चौथी, गुलाबी नळी उचलली होती. तो ती उन्हाकडे धरून पाहत होता.

"माझ्याकडं तर एक बी सिलीपाट आला न्हाई."

"पाणी आलं ना," भिकाबाई म्हणाली. पट्टी वरच्या अंगाला होती, ग्यानोबाचा बांध खालच्या.

दुपारी लाकूडवाला ग्यानोबाच्या घरी आला. शेऱ्याची झेरॉक्स त्याने पुन्हा पुढे केली. ग्यानोबाने काही वाद घातला नाही. पाच कवड्यांचा अर्धा तुकडा त्याने झेरॉक्सवर ठेवला आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवले; कागद तुमचा आणि ही गोणी माझी, एवढे बोलून तो आपट्याची पाने द्यायला उठला. ते सिलीपाट त्या शिवारात कोणाच्याच जमिनीत उतरले नाहीत. आधी दसऱ्याला अकरा घरे भिकाबाईच्या ओट्यावर यायची. त्या संध्याकाळी सोने द्यायला शेजारचे गावही आले.

पुनमचे आकडे जोडून भिकाबाईने पुन्हा अर्ज दिला. २२ जानेवारी २००८, मंगळवार, रोजीच्या पत्राने उत्तर आले : "विहित नमुन्यात विकरांच्या क्रियाशीलतेसाठी रकाना नसल्याने सदर बाब विचारात घेता येत नाही. अर्ज निकाली." सही होती. शिक्काही होता.

कागद दुरुस्त होणार नसेल तर जमीनच दुरुस्त करायची, असे तिने ठरवले. जिथे माती तेलाने काळी झाली होती तिथली हातभर खोल खरवडून काढली आणि माळावरच्या पडीक, कोरड्या खडकाळ खड्ड्यात टाकून वर दगड रचले. ती माती उचलायला लाकूडवाल्याला तीन निरोप गेले, तो आला नाही. पुनमच्या सांगण्याप्रमाणे पट्टी पुन्हा पुन्हा उलथून उन्हावाऱ्याला लावली. शेण घातले, ताग पेरून गाडला. आणि एक गोष्ट तिने कोणाच्या सांगण्यावाचून केली. दुधाला विरजण लागते तसे मातीलाही लागत असेल, असे म्हणून नाल्याकाठच्या पट्टीची माती डोक्यावरून टोपल्यांनी वाहून तिने मेलेल्या पट्टीत ठिकठिकाणी कालवली. पुनमला हे कळले तेव्हा तिने वहीत लिहून घेतले. शास्त्रातही असेच करतात, असे ती म्हणाली. आणि भिकाबाई म्हणाली की मग शास्त्र बी कुण्या बाईनंच काढलं असंल.

२००८च्या दसऱ्याला तुकड्याला भोके पडली. २००९च्या दसऱ्याला खुरप्याला तीन कवड्या लागल्या, आणि त्यांच्याभोवती मूठभर भुगा. त्या वर्षीची नळी लाल होती. नाल्याकाठच्या इतकी गर्द नाही, पण लाल.

त्या संध्याकाळी तिने योगेशला ट्रंकेतून ११ जून २००७चा शेरा काढायला सांगितले आणि पुन्हा वाचायला लावला. जमीन उत्तम प्रतीची आहे, या ओळीवर तिने त्याला थांबवले.

"आता खरं लिवलंय," ती म्हणाली. "साहेबाचा कागद खरा करायला मला दोन वरसं लागली."

कागद अजून त्या कार्यालयात तसाच आहे. पट्टी मेली होती, याची नोंद सरकारदरबारी कुठेही नाही. ती आहे पत्र्याच्या एका डब्यात, कवड्यांना बांधलेली.

हे वाचणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. जुने सिलीपाट गोठ्याला, बांधाला किंवा विहिरीच्या काठाला लावले असतील तर ते शेतातून बाहेर काढा. आणि यापुढे माती तपासायला द्याल तेव्हा अर्जाच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहा : माती जिवंत आहे की नाही, तेही तपासून द्यावे. रकाना नाही असे उत्तर आले, तर ते लेखी घ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच ओळ लिहा.